ताईचा आवाज, माझा घसा

ताईला बोलती पाटी कायमची मिळाली. शेवट गोड झाला, सगळे सुखरूप आहेत, फक्त पाणी समितीच्या अध्यक्षाची झोप उडाली आहे. तो अध्यक्ष मी.

आता कृपा करून वरचा परिच्छेद विसरून जा. केंद्रातल्या त्या खोलीत आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलो होतो, तेव्हा शेवट गोड होणार आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मग तुम्हालाच का म्हणून सवलत? तर ताईला पाटी अजून मिळालेली नाही. मिळेल असं वाटतही नाही. बसा.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. जन्मापासून तिचे स्नायू तिचं ऐकत नाहीत. हाताला उजवीकडे जा म्हटलं की तो आधी विचार करतो आणि मग डावीकडे जातो. मान स्वतःच्या मर्जीने डोलते. जीभ कायमची संपावर आहे. डोकं मात्र इतकं जागेवर आहे, की घरात आणखी कुणाला डोकं असण्याची गरज आम्हाला कधी भासली नाही.

तिची भाषा डोळ्यांची. सरळ तुमच्याकडे बघितलं म्हणजे हो. वर पंख्याकडे बघितलं म्हणजे नाही. नुसती नजर जाऊन परत आली तर साधं नाही, नजर पंख्यावरच खिळली तर विषय संपला. पंख्याकडे बघून डोळे मिटले तर "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही". हा तिसरा प्रकार मुख्यतः माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे. पंखा फिरतोय की बंद आहे, खोलीत पंखा आहे की नाही, याने अर्थात फरक पडत नाही. तिने उघड्या गच्चीवरही मला पंखा दाखवलेला आहे.

या भाषेत अडचण एकच. समोरचा बघत असावा लागतो. डोळ्यांनी हाक मारता येत नाही. एकदा आईने तिला सकाळच्या कोवळ्या उन्हात खिडकीशी बसवलं आणि ती स्वयंपाकघरात भाजी चिरायला गेली. ऊन कोवळं राहिलं नाही. आईची पाठ ताईकडे होती. भाजी संपवून आई वळली तेव्हा ताईचा चेहरा लालभडक झाला होता आणि ती केव्हापासून कोण जाणे, आईच्या पाठीकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही साहाय्यक साधन सेवा केंद्रात जाऊन रांगेत उभे राहिलो.

केंद्राने एक पाटी दिली. उसनी. चाचणी काळापुरती. पाटी म्हणजे खुर्चीला लावायचा पडदा, त्यावर चौकटींची पानं, प्रत्येक चौकटीत एक चित्र. चौकट दाबली की पाटी बोलते. वर भोकांचं एक पारदर्शक झाकण, म्हणजे ताईची मूठ भरकटली तरी शेजारच्या शब्दावर पडत नाही. चाचणी काळ संपला की साहेबांसमोर मुलाखत. पाटीचा उपयोग होतोय असं साहेबांना दिसलं तर पाटी कायमची ताईची. नाही दिसलं तर पाटी परत केंद्राच्या कपाटात.

"घरात रोज लागतात ते शब्द टाका," वाचा-उपचाराच्या मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे पळाल्या. त्यांच्या वाट्याला आमच्यासारखी घरं पुष्कळ होती आणि स्कूटर एकच होती.

घरात रोज लागणारे शब्द! आमच्या घरात रोज लागणारे शब्द छापण्यासारखे नसतात. म्हणून बाबांनी शेजारच्या हेडसरांना बोलावलं. हेडसर निवृत्त मुख्याध्यापक. शाळेने त्यांना सोडून बरीच वर्षं झाली, त्यांनी शाळेला अजून सोडलेलं नाही. जिन्यात दोन माणसं भेटली तरी ते त्यांना उंचीप्रमाणे उभं करतात.

"वहिनी, ही संधी आहे," हेडसर आईला म्हणाले. "पोरीच्या तोंडून पहिल्यापासून चांगलीच भाषा बाहेर पडेल. आपल्या पोरांच्या बाबतीत आपल्याला हे जमलं नाही."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते.

मग चौकटी भरल्या. 'हो, चालेल.' 'आभारी आहे.' 'आपली तब्येत कशी आहे?' 'आधी तुम्ही घ्या.' 'मला हे फार आवडलं.' 'आपलं म्हणणं बरोबर आहे.' ही शेवटची चौकट हेडसरांनी स्वतःच्या सोयीसाठी घेतली, हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला. आईने 'आई, इकडे ये' घेतलं. बाबांनी 'बातम्या लावा' घेतलं, जे ताईला कधीच नको असतं. मी सगळ्यांची नजर चुकवून 'दादा हुशार आहे' घातलं. मी तिच्याहून लहान आहे, त्यामुळे तिने मला दादा म्हणण्याचा प्रश्नच येत नाही, पण निदान यंत्राने तरी म्हणावं.

प्रत्येक वाक्याला आम्ही ताईची रीतसर संमती विचारत होतो. ती प्रत्येक वेळी पंख्याकडे बघत होती.

"नको म्हणतेय ती," आई म्हणाली.

"चांगलं वळण सुरुवातीला कुणालाच नको असतं," हेडसर म्हणाले. "लिहा पुढचं."

ताईने पंख्यावर नजर खिळवली. मग डोळे मिटले. तिचं नाही इतकं स्वच्छ, इतकं खणखणीत होतं, की ते पाटीवरही असायला हवं असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माशाला कुणी पाणी प्यायला देतं का? तसंच.

आता आवाज. पाटीचा स्वतःचा बाईचा आवाज 'मागवलेला' होता. केंद्रात मागवलेल्या वस्तूंचं एक वेगळंच जग असतं, तिथून सहसा कुणी परत येत नाही. "तोवर घरातल्या कुणाच्या तरी आवाजात भरा," असं मॅडमनी सांगितलं होतं. आईने प्रयत्न केला, पण 'आई, इकडे ये' म्हणताना तिला प्रत्येक वेळी हुंदका यायचा. बाबांनी 'आभारी आहे' असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटावं आपण काहीतरी गुन्हा केलाय. हेडसरांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपोआप "कळलं का?" येत होतं. उरलो मी. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एकदा पडद्यामागून "शांतता राखा" म्हणालो होतो आणि लोक खरंच शांत झाले होते. या अनुभवाच्या बळावर मी पुढे झालो. ताईने पंख्याकडे बघितलं. पण त्या दिवशी ती सारखीच तिकडे बघत होती.

मी दार लावून घेतलं, घसा साफ केला, आणि उगवत्या सूर्याचं चित्र असलेली चौकट दाबून धरली. तिथे 'शुभ सकाळ' भरायचं होतं. नेमक्या त्याच क्षणी बाबांनी पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणाऱ्या माणसाला घरात घेतलं होतं. बाबांना थोडं कमी ऐकू येतं आणि ते कबूल करायला त्यांना आवडत नाही, त्यामुळे अनोळखी माणसाच्या कुठल्याही वाक्याला ते मान डोलावतात. मला दाराच्या फटीतून दिसलं ते असं: तो माणूस आमचं जुनं, धडधाकट यंत्र भिंतीवरून काढतोय, बाबा मान डोलावतायत आणि नळातून कारंजं उडतंय. मी चौकटीवर बोट ठेवूनच ओरडलो:

"अहो, नको म्हटलं ना! हात लावू नका त्याला! आमचं आहे ते! निघा तुम्ही! बाबा, पाणी बंद करा!"

पाटीने हे सगळं भक्तिभावाने टिपून घेतलं.

पुसायला गेलो तर पाटी पासवर्ड मागू लागली. एकदा भरलेली चौकट बदलायची तर पासवर्ड लागतो आणि तो केंद्रातल्या तंत्रज्ञांकडे असतो. फोन केला. तंत्रज्ञ रजेवर. "मग पासवर्ड?" मी विचारलं. "तोही त्यांच्याबरोबर रजेवर," पलीकडून उत्तर आलं. कधी येतील? हे फक्त तेच सांगू शकतात. शेवटी आम्ही सूर्य उचलून अगदी शेवटच्या पानावर, कोपऱ्यात ढकलला. चौकट हलवायला पासवर्ड लागत नव्हता, एवढीच केंद्राची मेहेरबानी. हेडसरांनी ताईला बजावलं, "या चौकटीला हात लावायचा नाही. कळलं का?"

ताईने त्यांच्याकडे सरळ बघितलं. म्हणजे हो. इतक्या पटकन हो आलं तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या दिवसाचं मात्र सांगायलाच हवं. आई नळाखाली भांडी घासत होती, पाठ खोलीकडे. आणि मागून माझा आवाज आला, "आई, इकडे ये."

"तूच ये," आई न वळता म्हणाली. "पाय आहेत ना तुला?"

"आई, इकडे ये."

"अरे हात खरकटे आहेत माझे!"

"आई, इकडे ये."

आई तावातावाने वळली. मी शेजारीच उभा राहून पाणी पीत होतो, तोंड भरलेलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या हातातलं भांडं निसटलं आणि ती साबणाच्या हातांनीच ताईकडे धावली. काय हवं होतं ताईला? काही नाही. नुसतं बोलावून बघत होती. नंतर तिने दिवसभर बोलावून बघितलं. आई प्रत्येक वेळी गेली.

इथेच थांबलं असतं तर ही गोष्ट पाठ्यपुस्तकात घालण्यासारखी झाली असती. पण घरात फोन होता. आम्ही बाहेर असताना तो वाजला तर ताईला कोपराने उचलता यावा, अशी सोय मीच करून दिली होती. मी पुरोगामी आहे. एका दुपारी घरी आलो तर जिन्यात इमारतीचे सेक्रेटरी हार घेऊन उभे. हार कागदी होता, पण भावना खरी होती.

"अध्यक्षसाहेब, अभिनंदन!"

"कोण अध्यक्ष?"

"पाणी समितीचे. सकाळी फोनवर विचारलं ना मी. 'घ्याल का पद?' तुम्ही म्हणालात, 'हो, चालेल.' मी म्हटलं, 'टाकीचं कामही बघावं लागेल.' तुम्ही म्हणालात, 'मला हे फार आवडलं.' मी म्हटलं, 'रात्री-अपरात्री लोक उठवतील.' तुम्ही म्हणालात, 'आभारी आहे.' इतका नम्र अध्यक्ष आम्हाला आजवर लाभला नव्हता."

आत ताई इतकी हसत होती, की खुर्ची करकरत होती. आम्ही याला चेष्टा समजलो. चेष्टा होतीच. पण तिला खरंच नाही म्हणायचं असतं, तर फोनवर तिने काय दाबलं असतं? फोनला पंखा दिसत नाही. हे इतकं समोर होतं आणि आम्ही टाकीच्या किल्ल्या कुठे ठेवायच्या याचा विचार करत बसलो.

मुलाखतीचा दिवस आला. खोलीत एक टेबल, एक कपाट, वर एक पंखा. टेबलामागे साहेब, शेजारी मॅडम, कोपऱ्यात कुणीतरी वायरी गुंडाळत होतं. पाटीचा आवाज आम्ही बाबांच्या कानांसाठी शेवटपर्यंत चढवून ठेवला होता आणि घाईत तो तसाच राहिला. हेडसर 'नैतिक आधार' म्हणून आले होते.

"नियम एकच," साहेब म्हणाले. "घरच्यांनी बोलायचं नाही. खाणाखुणाही नाहीत. मागे एक बाई आल्या होत्या. नवऱ्याच्या वतीने सगळी उत्तरं त्यांनीच दिली. शेवटी कळलं, नवरा बोलू शकत होता, त्याला संधीच मिळाली नव्हती."

आम्ही ओळीने, उंचीप्रमाणे बसलो. तोंडं बंद.

"यंत्र आवडलं?" साहेबांनी ताईला विचारलं.

"मला हे फार आवडलं," पाटी माझ्या आवाजात गरजली.

साहेबांनी दचकून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही बोलू नका असं आत्ताच सांगितलं."

मी बंद तोंडाकडे बोट दाखवलं.

"खुणाही नाहीत!"

मॅडमनी समजावलं तेव्हा साहेब शांत झाले. त्यांनी कागद पुढे ओढला. "बरं. यंत्र येण्याआधीही घरच्यांना तुमचं सगळं कळत होतंच. म्हणजे यंत्र नसलं तरी तुमचं भागेल. बरोबर?"

ताईने पंख्याकडे बघितलं.

त्या क्षणी आम्हा चौघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला आणि त्या उजेडात आम्ही चार मूर्ख स्पष्ट दिसलो. पाटीवर 'नाही' नव्हतं! इतक्या चौकटी, सभ्यपणाची एवढी गर्दी, आणि एक साधं 'नाही' नव्हतं!

ताई पंख्याकडे बघत होती. साहेबांनीही वर बघितलं.

"उकडतंय का? पंखा वाढवा जरा."

कुणीतरी पंखा वाढवला. ताईची नजर पंख्यावर खिळली. विषय संपला, असं ती ओरडून सांगत होती.

"अजून वाढवा."

टेबलावरचे कागद उडू लागले. बाबांनी दोन पायाखाली दाबले. हेडसर ओठ आवळून थरथरत होते. आयुष्यात प्रथमच त्यांना उत्तर येत होतं आणि हात वर करायची परवानगी नव्हती.

"पाटीवर सांगा ना," साहेब वाऱ्याच्या वर आवाज काढत म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त कपाटात जागा होती. "यंत्राशिवाय भागेल?"

ताईची मूठ पाटीवर हिंडली. "आपली तब्येत कशी आहे?"

"माझी ठीक आहे. यंत्राचं बोला."

"आधी तुम्ही घ्या," पाटी म्हणाली. ताईला काय म्हणायचं होतं देव जाणे, पण साहेबांनी तो प्रस्ताव मानला.

"म्हणजे परत घेऊ म्हणता? बरं. प्रश्नाशी उत्तर जुळत नाही, उपयोग होत नाही असं दिसतंय. वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी…" ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि पाटीचा खुर्चीवरचा स्क्रू सैल करायला त्यांनी हात लावला.

आईने माझा हात असा धरला, की अजून तिथे खूण आहे. कोवळं ऊन, भाजी, पाठ, सगळं तिच्या बोटांत उतरलं होतं.

ताईची मूठ सरकली. पान उलटायच्या कोपऱ्यावर पडली. चुकली. पुन्हा पडली. पान उलटलं. पुन्हा उलटलं. मी शेवटचं पान ओळखलं आणि डोळे मिटले. सूर्य उगवला.

"अहो, नको म्हटलं ना!" मी गरजलो. म्हणजे पाटी. "हात लावू नका त्याला! आमचं आहे ते! निघा तुम्ही! बाबा, पाणी बंद करा!"

साहेबांचा हात विस्तवाला लागल्यासारखा मागे आला. बाबा सवयीने ताडकन उठले आणि खोलीत नळ शोधू लागले.

फक्त पंखा तेवढा घोंघावत होता.

"हे… यंत्र बोललं?" साहेबांनी विचारलं.

ताईने त्यांच्याकडे सरळ बघितलं. आणि शंका राहू नये म्हणून पुन्हा दाबलं. "अहो, नको म्हटलं ना! हात लावू नका त्याला! आमचं आहे ते! निघा तुम्ही!" साहेब खरोखरच निघाले आणि टेबलामागच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. "बाबा, पाणी बंद करा!"

"कुठलं पाणी?" साहेब हळूच म्हणाले.

मॅडम रुमालात तोंड लपवून काहीतरी लिहीत होत्या. नंतर त्यांनी आम्हाला ते वाचून दाखवलं. 'नकार: ठाम. प्रसंग: अचूक. उच्चार: भावाचे. पाणी: असंबद्ध, पण परिणामकारक.'

साहेबांनी तो कागद वाचला, ताईकडे बघितलं, खुर्चीवरच्या सैल झालेल्या स्क्रूकडे बघितलं. "एखादी वस्तू इतक्या जोरात आपली आहे असं म्हणणारं माणूस मी या खोलीत पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले, आणि शिक्का उचलला. आई रडली. बाबा नळ न सापडल्यामुळे खिडकीशी उभे राहून डोळे पुसत होते. हेडसर माझ्या कानात म्हणाले, "बघ, शेवटच्या पानावर ठेवायची कल्पना माझी होती."

मग मॅडम आईकडे वळल्या. "पण काकू, पाटीवर साधं 'नाही' का नाही घातलं?"

आम्ही सगळ्यांनी पंख्याकडे बघितलं.

कोपऱ्यात वायरी गुंडाळणारं ते 'कुणीतरी' म्हणजेच रजेवरचे तंत्रज्ञ निघाले. ते पुढे आले आणि त्यांनी पासवर्ड टाकला. मी तिथेच, सगळ्यांसमोर, पाटीत 'नाही' म्हटलं. पहिल्या पानावर, अगदी मधोमध, हेडसरांचं 'आपलं म्हणणं बरोबर आहे' काढून. शिवाय, चमत्कार बघा, मागवलेला बाईचा आवाजही त्याच आठवड्यात आला होता. गोड, स्वच्छ, मधाळ. मॅडमनी ऐकवला. "हा घालू या ना आता? भावाचा काढून टाकू."

ताईने मूठ उचलली. घाई केली नाही. अगदी मजेत, मधोमध ठेवली.

"नाही."

माझ्याच आवाजात. मला त्या गोष्टीचा आनंद झाला की अपमान, हे मी अजून ठरवलेलं नाही. घरी येऊन मी तिला विचारलं, "का गं? माझाच का?" तिने बराच वेळ पानं उलटली आणि एक चौकट दाबली.

"दादा हुशार आहे."

आणि मग, माझ्या चेहऱ्यावर समाधान पसरायला पुरेसा वेळ देऊन, मधली चौकट दाबली.

तेव्हापासून घरात उसंत आहे, पण माझ्या वाट्याला ती कमी आली आहे. बातम्या लागत नाहीत. हेडसर जिन्यातूनच परत जातात. आई पाठ करून निवांत भाजी चिरते. मी पाणी समितीचा राजीनामा दिला, तर सेक्रेटरींनी फोन करून विचारलं, "राजीनामा मागे घेता का?" आणि मी घरी नसताना मी म्हणालो, "हो, चालेल." म्हणून शेवटी हा अर्ज लिहून केंद्रात दिला आहे:

"माननीय व्यवस्थापक यांस सविनय सादर. अर्जदारास एकच आवाज असून तो सध्या त्याच्या बहिणीच्या कायमस्वरूपी वापरात आहे. घरात, जिन्यात व दूरध्वनीवर अर्जदार स्वतः बोलला असता ते बोलणे यंत्राचे समजून दुर्लक्षिले जाते, व यंत्र बोलले असता अर्जदारास जबाबदार धरले जाते. सबब, सदर आवाज अर्जदारास रोज दुपारच्या चहाच्या वेळेपुरता, चाचणी तत्त्वावर, उसना मिळावा. आणि त्या वेळेत 'नाही' या शब्दाचा किमान एकदा वापर करण्याची परवानगी, बहिणीने पंख्याकडे न पाहण्याच्या लेखी हमीसह, द्यावी, ही नम्र विनंती."